दुधाचं बिल कोणत्या विभागात शिकवायचं?

आजऱ्यापासून शिरोळपर्यंत कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहुतेक शेतकरी घरांत पैसा दोन चालींनी येतो. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी, उसाचं बिल वर्षातून एकदा, तेही हप्त्याहप्त्याने. ऊस कारखान्यात गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी असा कायदा आहे. प्रत्यक्षात काय होतं ते इथल्या वाचकाला सांगायला नको. दुधाच्या बिलातून किराणा, गॅस, औषधपाणी, पोरांची फी, एसटीचा पास, भिशी. उसाच्या बिलातून आधी सोसायटीचं कर्ज परस्पर वळतं होतं आणि उरलेल्यात बोअर, स्लॅब, लग्न. दिवाळीच्या तोंडावर दूध फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरची जादा रक्कम, येतो, त्यावर कपडे आणि फराळ निघतो. मधेच खड्डा पडला की पाटल्या पतसंस्थेच्या तिजोरीत जातात, नाहीतर बचत गटातून उचल, नाहीतर मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता मागे लागतो. हे सगळं गणित घरातली एक बाई डोक्यात ठेवते. ऊस नवऱ्याच्या नावावर, म्हशीचं सगळं तिच्या अंगावर आणि दूध संस्थेचं खातं पुन्हा बहुतेकदा नवऱ्याच्याच नावावर, ही गुंतागुंत वेगळीच.

मी वाणिज्य शाखेत शिकवतो. आमच्या बी.कॉम.च्या वर्गात मुलं कंपनीचा रोख प्रवाह तक्ता बिनचूक मांडतात. त्यातली निम्मी मुलं वर लिहिलेल्या घरांतून आलेली असतात आणि आपल्या घरात महिन्याला किती येतं, किती जातं, कर्ज कुणाकुणाचं आहे, हे त्यांना ठाऊक नसतं. मुलींना थोडंफार असतं. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, पण पिशवी घेऊन दुकानात त्यांनाच पाठवलं जातं.

या घराचा शिस्तीने अभ्यास करणारा विषय जगात सव्वाशे वर्षांपासून आहे. त्याला गृहअर्थशास्त्र म्हणतात, गृहविज्ञान म्हणतात. विदर्भात पहिलं नाव चालतं, इतरत्र दुसरं. अन्न, पाणी, वस्त्र, निवारा, मुलांची वाढ, पैसा, वेळ आणि घरातल्या माणसांचे आपसांतले व्यवहार हा त्याचा प्रांत. आपल्याकडे तो बहुतेक ठिकाणी मुलींच्या कॉलेजात, बी.ए.च्या ऐच्छिक विषयांच्या यादीत तळाशी पडून आहे. माझं म्हणणं असं की शिवाजी विद्यापीठाने तो तिथून उचलावा, अर्थशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या शेजारी बसवावा, आणि मुलगे त्यात बसतील अशी सोय करावी. याहून पुढे जाऊन म्हणतो, मुलग्यांशिवायच चालवायचा असेल तर तो बंद केला तरी माझी हरकत नाही.

विषयाचा उगम पाहिला की आपण त्याचं काय करून ठेवलंय ते कळतं. अमेरिकेत एलेन स्वॅलो रिचर्ड्स नावाची रसायनशास्त्रज्ञ होती. एमआयटी या संस्थेत प्रवेश मिळालेली ती पहिली विद्यार्थिनी, साल १८७०. संस्थेने तिची फी घेतली नाही. तिला वाटलं, गरीब म्हणून सवलत दिली असेल. पुढे कळलं की बोभाटा झाला तर 'ही आमची विद्यार्थिनीच नाही' असं म्हणता यावं म्हणून नावावर फी लावली नव्हती. या बाईने १८८७ पासून मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नद्या, विहिरी, तलाव यांच्या पाण्याचे हजारो नमुने तपासले. तिची युक्ती साधी होती. समुद्रापासूनच्या अंतरानुसार पाण्यात क्लोराइडचं प्रमाण नैसर्गिकरीत्या किती असावं याचा तिने नकाशा काढला. एखाद्या ठिकाणी त्याहून जास्त निघालं, तर तिथे माणसांचं सांडपाणी मिसळतंय असा संशय घ्यायचा. पाण्याच्या गुणवत्तेचे नियम तिथे अशा कामातून आले. हीच बाई १८९९ पासून लेक प्लॅसिडला भरणाऱ्या परिषदांच्या पुढे होती, आणि त्या परिषदांतून गृहअर्थशास्त्र हा विद्यापीठीय विषय उभा राहिला. म्हणजे विषयाची सुरुवात पाककृतींनी झालेली नाही. नळाला येणारं पाणी कुठून येतं आणि त्यात काय असतं, या प्रश्नाने झाली.

आता पंचगंगेकडे या. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली. दूषित पाण्यातून पसरणारा हा आजार. पाण्यात मैला मिसळल्याशिवाय तो शहरभर होत नाही. नदीचं पाणी तपासायला प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, विद्यापीठात पर्यावरणशास्त्र आहे, सगळं मान्य. पण उपसा केंद्रापासून स्वयंपाकघरातल्या कळशीपर्यंत पाण्याचं काय होतं? टाकी किती दिवसांनी धुतली जाते, पाणी निर्जंतुक करायचं मेडिक्लोर कुणी किती थेंब टाकतं, फिल्टरची कँडल कधी बदलली जाते, भाड्याच्या खोलीत राहणारा यंत्रमाग कामगार पाणी उकळायला गॅस कुठून आणतो? एलेनबाई इचलकरंजीत असत्या तर त्यांनी इथून सुरुवात केली असती. आपल्या गृहविज्ञानाची पोरगी मात्र त्या वर्षीही सॅलडची सजावट आणि टाक्यांचे प्रकार जर्नलमध्ये चिकटवत बसली असणार. तिचा दोष नाही. प्रात्यक्षिकाला तेच होतं.

भारतात हा विषय आला तो सुधारकांच्या हातून, हे विसरून चालणार नाही. महर्षी कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका आली आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. बाईला घर चालवायचं आहे, तर तिच्या शिक्षणात घराचं शास्त्र हवं, आणि ते तिच्या भाषेत हवं, असा त्यांचा विचार. पुढे १९२७ मध्ये पुण्यात पहिली सभा भरवणाऱ्या अखिल भारतीय महिला परिषदेने १९३२ साली दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज सुरू केलं. हंसा मेहता कुलगुरू असताना बडोद्याच्या विद्यापीठात गृहविज्ञानाची वेगळी विद्याशाखा उभी राहिली. कोल्हापुरातही धागा आहे. शाहू महाराजांची धाकटी सून इंदुमतीदेवी १९१८ मध्ये कोवळ्या वयात विधवा झाल्या. घरातल्यांचा विरोध पत्करून महाराजांनी त्यांना सोनतळीच्या कॅम्पवर ठेवून शिकवलं. याच इंदुमती राणीसाहेबांनी स्वातंत्र्यानंतर या शहरात मुलींसाठी ज्या संस्था काढल्या, त्यांत गृहशास्त्राचं शिक्षणही होतं. ज्या काळात मुलगी शाळेच्या पायरीशी आणायची म्हणजे घरच्यांची समजूत काढावी लागे, त्या काळात 'घराच्याच कामाचं शिकते' हा युक्तिवाद दार उघडायला उपयोगी पडला. तो तेव्हा लबाडीचा नव्हता आणि चुकीचाही नव्हता.

पण एकदा दार उघडल्यावर तोच युक्तिवाद कुलपासारखा झाला. हुशार मुली सायन्सला गेल्या, इंजिनिअरिंगला गेल्या, आणि ज्यांचं लग्न ठरेपर्यंत वेळ काढायचा त्यांच्यासाठी हा विषय उरला. प्राध्यापकांनीही तो तसाच चालवला. मग पुरोगामी मंडळींनी त्याच्यावर टीका केली, तीही रास्त होती. शाहूंच्या गावात मुलींना पुन्हा चुलीकडे पाठवायचं काय, असा प्रश्न एखाद्या सभेत उठला तर टाळ्या पडतीलच. मी स्वतः अशा टाळ्या वाजवल्या असत्या.

तरी या टीकेतून झालं काय? मुलींची चूल सुटली नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसातला सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला. जे पुरुष असं काम करतात त्यांचा ९७ मिनिटं. आणि मुळात असं काम करणाऱ्या बायका शंभरात ८१, पुरुष २६. म्हणजे विषय वर्गातून हलका झाला, घरातून तो जसाच्या तसा बाईच्या अंगावर राहिला. काम राहिलं आणि त्या कामाचं शास्त्र गेलं. ते शास्त्र पुरुषाला शिकवायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

जपानला सुचलं. ज्या देशाकडून कर्व्यांनी प्रेरणा घेतली, तिथेही शाळेत गृहअर्थशास्त्र मुलींचंच होतं. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर १९८५ मध्ये शिक्कामोर्तब केल्यावर हे अडचणीचं झालं. त्यावर त्यांनी विषय काढून टाकला नाही. १९९३ पासून माध्यमिक शाळेत आणि १९९४ पासून त्यावरच्या वर्गांत तो मुलगे आणि मुली दोघांनाही सक्तीचा केला. आज चाळिशीच्या आसपास असलेल्या जपानी पुरुषाने शाळेत स्वयंपाक, शिवण, घरखर्चाचा अंदाज आणि बाळाची निगा हे शिकलेलं आहे. त्यामुळे तिथली घरं समान झाली असं मी म्हणणार नाही. जपानी पुरुषाच्या घरकामाचे आकडे फार अभिमान वाटावा असे नाहीत. वर्गातला तास घरातली सत्ता उलथवत नाही. पण 'मला येत नाही' ही सबब तरी तिथे उरली नाही. आपण १९१६ चं जपान घेतलं आणि तिथेच थांबलो.

आता अर्थशास्त्रवाले म्हणतील, घर आमच्याकडे आहेच, उपभोग फलन, म्हणजे उत्पन्न आणि खर्चाचं नातं, शिकवतो की. शिकवता, पण त्यातलं घर म्हणजे खरेदी करणारी एक पेटी असते. आत काय चालतं ते दिसत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या जागतिक हिशेबपद्धतीत तर मजा आहे. घरच्यासाठी म्हशीची धार काढली, नदीवरून पाणी आणलं, सरपण गोळा केलं, तर ते उत्पादन धरलं जातं. तेच दूध तापवलं, त्या पाण्यात भात शिजवला, त्या सरपणावर भाकरी भाजली, की ते हिशेबाबाहेर. कागलमधल्या एखाद्या बाईचा पहाटेचा एक तास असा गोठ्याच्या उंबऱ्यावर दुभंगतो. अर्धा देशाच्या उत्पन्नात, अर्धा कुठेच नाही. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच लिहून ठेवलंय की एखाद्याने आपल्या पगारी घरकामवाल्या बाईशी लग्न केलं तर देशाचं उत्पन्न घटतं. आपण हे वर्गात विनोद म्हणून सांगतो आणि पुढच्या प्रकरणाकडे जातो.

या विनोदाकडे गांभीर्याने पाहिलं ते गृहअर्थशास्त्राच्या माणसांनी. मार्गारेट रीड आयोवातल्या कॉलेजात हा विषय शिकवत होती. तिने १९३४ मध्ये एक कसोटी दिली: घरातलं एखादं काम पैसे देऊन तिसऱ्या माणसाकडून करून घेता येत असेल, तर ते काम आहे, उत्पादन आहे. जेवण बनवणं काम, जेवणं काम नाही. आज जगभरच्या वेळ-वापर पाहण्या याच कसोटीवर चालतात. तीस वर्षांनी गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने घरातल्या वेळेचं सिद्धान्तन केलं आणि १९९२ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. रीडबाईंचं नाव आपल्या एम.ए.च्या किती मुलांनी ऐकलंय? जो विषय हलका म्हणून बाजूला ठेवला त्यातच पुढच्या नोबेलचं बी होतं. पण हे सांगून मी अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांना जास्त चिडवत नाही, त्यांच्याकडे काम आहे पुढे.

आपल्या न्यायालयांना हा हिशेब रोज करावा लागतो. अपघातात गृहिणी गेली तर भरपाई कशाच्या आधारावर ठरवायची? जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं होतं. जानेवारी २०२१ च्या एका निकालात न्यायालयाने २०११ च्या जनगणनेचा आकडाच समोर ठेवला: घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या बायका सुमारे १६ कोटी, पुरुष ५८ लाखांच्या आतच. कोल्हापूरच्या मोटार अपघात न्यायाधिकरणासमोर उद्या अशी केस उभी राहिली, की करवीर तालुक्यातली दोन म्हशी सांभाळणारी, सासूचं पथ्यपाणी करणारी, दोन मुलांना शाळेत पोचवणारी बाई काय कामं करत होती आणि ती बाजारात किती किमतीला पडली असती, हे सांगणारा जाणकार साक्षीदार वकिलाने कुठून आणावा? हे माप काढायचं कसब ज्या विभागात शिकवलं जाईल तो विभाग आपल्या विद्यापीठात कुठे आहे?

दुसरं उदाहरण ताजं आहे. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत बायकांच्या खात्यावर महिन्याला १,५०० रुपये येऊ लागले. त्यावर चौकाचौकांत मतं आहेत. कुणी म्हणतं बायका साड्या घेतात, कुणी म्हणतं नवराच काढून घेतो, कुणी म्हणतं भिशीत जातात, कुणी म्हणतं मायक्रोफायनान्सचा हप्ता भागतो. ज्याचं त्याचं राजकारण जसं, तसं त्याचं उत्तर. विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे आणि त्यांतली शेकडो कॉलेजं आहेत. प्रत्येक कॉलेजातल्या वीस मुलांनी आपल्या गल्लीतल्या दोन घरांची महिनाभराची खर्चवही ठेवली तरी या वादाला जमीन मिळेल. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभागाचे गुण आता सक्तीचेच आहेत. सध्या त्यात काय होतं? वृक्षारोपणाचे फोटो.

खर्चवहीचं काम वाटतं तितकं सोपं नाही, म्हणून ते शिकवावं लागतं. कोल्हापुरात कुठल्याही घरात जाऊन 'खर्च किती' असं विचारलं तर उत्तर येतं, "भागतंय की!" त्या भागण्याच्या पोटात जायला वेळ लागतो. पुरुष सांगतो तो खर्च वेगळा, बाई सांगते तो वेगळा, आणि दोघांनीही न सांगितलेलं कर्ज तिसरंच. मापात कसं बसवायचं, कुणाला कधी विचारायचं, सासूसमोर सुनेला काय विचारू नये, हे क्षेत्रकार्य आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ब्युरेट धरायला शिकवतात, तसा प्रश्न विचारायलाही शिकवावा लागतो.

आणि कर्जाचं सांगायचं तर मुलग्यांना या विषयाची गरज इथे सर्वांत जास्त आहे. बारावी-पदवी झाली की आमची पोरं पुणे, चाकण, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे कामाला लागतात. पहिल्या पगारात हप्त्यावर मोबाइल, दुसऱ्यात हप्त्यावर बुलेट. "सर, बाराच टक्के व्याज हाय." एक लाखाचं कर्ज, बारा टक्के सपाट दराने, तीन वर्षं. व्याज ३६,००० रुपये, हप्ता सुमारे ३,७७८ रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, पण व्याज पहिल्या दिवसाच्या लाखावरच लावलेलं असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. हे बी.कॉम.च्या मुलाला सूत्र म्हणून येतं आणि शोरूममध्ये आठवत नाही. उलट साताऱ्यातल्या म्हसवडच्या बायका पाहा. त्यांनी स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं तेव्हा अर्जावर अंगठे होते म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. त्या अक्षरं शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब तोंडी विचारा, तुमच्या साहेबांआधी सांगतो. १९९७ मध्ये त्यांची माणदेशी महिला बँक सुरू झाली. गणित त्यांच्याकडे होतंच. विद्यापीठाने त्याला प्रकरण आणि पान दिलं नाही.

पोषणाचं तर विचारू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. यावर गृहविज्ञानाच्या पुस्तकात तक्ता असतो: पालेभाज्या, गूळ, खजूर, कडधान्यं. तक्ता खरा आहे. जेवणावर लगेच चहा घेतला तर लोह अंगी कमी लागतं, लिंबू पिळलं तर जास्त, लोखंडी तवा-कढईचा फायदा होतो, हेही खरं. पण मटणाचा रविवार आहे, तांबडा-पांढरा झालाय, सगळे बापय जेवून उठलेत आणि शेवटी बसलेल्या सुनेच्या ताटात रस्सा आहे, फोडी संपल्यात. तिला तक्ता देऊन काय होणार? तिला तो पाठ आहे. तक्ता द्यायचा तर आधी जेवून उठलेल्याला द्यायला हवा. म्हणूनच म्हणतो, या विषयाच्या वर्गात फक्त मुली बसवणं हे जखम एकाला आणि मलमपट्टी दुसऱ्याला बांधण्यातला प्रकार आहे.

गुळाचंही थोडक्यात सांगतो, कारण कोल्हापूर आणि गूळ वेगळे काढता येत नाहीत. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. गुऱ्हाळात रस उकळताना मळी काढायला रानभेंडीचा चिकट रस घालण्याची रीत जुनी. पण बाजाराला पिवळाधमक गूळ हवा, म्हणून रंग उजळवणारी हायड्रॉस ही रासायनिक पावडर येते. काळसर गूळ सौद्यात मार खातो. दोष गुऱ्हाळवाल्याचा म्हणून आपण मोकळे होतो, पण पिवळ्याला जास्त पैसे मोजणारा हात घरातून निघतो. गिऱ्हाइकाची नजर कशी घडते आणि कशी बदलता येते, हा गृहअर्थशास्त्रातला प्रश्न आहे. त्यावर इथे काम झालं तर त्याचा फायदा थेट शाहू मार्केट यार्डातल्या सौद्याला होईल.

मला सर्वांत जास्त खुपतो तो महापूर. २००५, २०१९, २०२१. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावं कित्येक दिवस पाण्याखाली होती. पाणी चढत असताना प्रशासन, बोटी, एनडीआरएफ, तालमींची पोरं, सगळे होते. कोल्हापूरचं माणूस अशा वेळी मागे राहत नाही. पाणी ओसरल्यावर घरात पाऊल टाकणारं कुटुंब मात्र एकटं असतं. गुडघाभर गाळ. कणगीतलं भात भिजलंय, वरचं कोरडं दिसतंय. ठेवायचं की टाकायचं? पुराचं पाणी लागलेलं धान्य वाळवून खाणं धोक्याचं, पण वर्षाचं पोट त्यात आहे, टाकवत नाही. विहिरीत ब्लीचिंग पावडर किती घालायची, विहिरीतलं पाणी कसं मोजायचं? गाद्या वाळतात का? फ्रिज वाळवून किती दिवसांनी चालू करायचा, आणि आधी वायरिंग कुणाला दाखवायचं? भिंती ओल धरून असताना तान्ह्या बाळाला त्या घरात झोपवायचं का? पायाला जखम असेल तर गाळात उतरायचं का, कारण लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा, धोका. सातबारा, रेशनकार्ड, दहावीची सर्टिफिकेटं चिकटलीत, ती सुटी कशी करायची? पंचनाम्याला कुठले फोटो लागतात? माहेरून आलेली शिलाई मशीन नुकसानीत कशी दाखवायची?

यातला प्रत्येक प्रश्न कुठल्या ना कुठल्या शास्त्राचा आहे. सूक्ष्मजीवशास्त्र, वस्त्रशास्त्र, बालविकास, विमा, गृहरचना. पण सगळे एकाच दिवशी, एकाच उंबऱ्यावर, एकाच बाईला पडतात आणि तिने कुठल्या विभागाचं दार ठोठवावं? घर हे ज्याचं क्षेत्र आहे तोच विषय हे एकत्र बांधू शकतो. ज्या विद्यापीठाच्या परिसरात दर काही वर्षांनी पूर येणार हे ठरलेलं आहे, तिथे गृहअर्थशास्त्राचा विभाग असा उभा राहू शकतो की इतर पूरग्रस्त जिल्ह्यांनी येऊन शिकावं. बडोदा किंवा दिल्लीची नक्कल करायची गरजच नाही.

नोकरीचं काय, हा प्रश्न येणारच आणि यायलाच हवा. सध्याच्या रूपात या पदवीला बाजार नाही, हे मान्य करून बोलू. पण आहारतज्ज्ञ, अन्न तपासणी प्रयोगशाळा, शालेय पोषण आहार, २ ऑक्टोबर १९७५ पासून चालत आलेल्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या पर्यवेक्षिका, बँका-पतसंस्थांतलं आर्थिक साक्षरतेचं काम, वृद्धांची निगा, ग्राहक आयोगातली प्रकरणं, पाहणी करणाऱ्या संस्था, इतकी कामं आजही या प्रांतात आहेत. त्यांतली बरीचशी दुसऱ्याच विषयांची माणसं करतात, कारण या विषयाच्या पदवीधराला संख्याशास्त्र आणि रसायन पुरेसं येत नाही. म्हणजे दुरुस्ती अभ्यासक्रमाची आहे. आणि 'हे सगळं यूट्यूबवर मिळतं' म्हणणाऱ्यांना इतकंच सांगतो की यूट्यूबवर ताप उतरवण्याचे शंभर उपाय मिळतात, त्यातला कुठला खोटा हे ओळखायला शिकवणारी जागा दुसरी असते.

परंपरेचा अभिमान असणाऱ्यांची एक वेगळी हरकत ऐकू येते: आमच्या आजीला हे सगळं येत होतं, विद्यापीठ कशाला? आजीला भेंडीने गूळ शुद्ध करायचं येत होतं, हे खरं. आजीची सात बाळंतपणं झाली आणि चार मुलं जगली, हेही त्याच घरातलं खरं आहे. कुठली रीत ठेवायची आणि कुठली सोडायची, हे मोजल्याशिवाय कळत नाही. भारतीय ज्ञानपरंपरेचा तास आता सगळ्यांना आहे. त्यात वेदांतल्या विमानांऐवजी लोणच्यातलं मीठ मोजायला घेतलं तर निदान काहीतरी हाती लागेल.

तर करायचं काय? वेगळी इमारत, वीस पदं, उद्घाटन हे सगळं मागून काही होत नाही, आणि झालं तर त्यात दहा वर्षं जातात. सुरुवात लहान ठेवावी. धोरणानुसार ओपन इलेक्टिव्ह हा विषय विद्यार्थ्याला आपली विद्याशाखा सोडून दुसरीकडून घ्यावा लागतो. मग वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या मुलांसाठी 'घराचं अर्थकारण' असा एक पेपर ठेवावा. त्यात वेळेची नोंदवही, खर्चवही, कर्जाचं गणित, पाण्याची तपासणी, एका आठवड्याचा घरचा आहार आणि तो कुणी कुणानंतर खाल्ला याची नोंद. मुलग्यांना एक जादा काम: घरातल्या दूध बिलाचं वर्षभराचं टिपण आईकडून समजून घेऊन मांडायचं, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकासमोर उभं राहून सांगायचं. आमच्याकडच्या पोरांना मर्दानी खेळ, कुस्ती, फुटबॉल यांची लाज वाटत नाही. हे करायलाही वाटू नये. वाटलीच तर पहिल्या सेमिस्टरपुरती वाटेल.

एक खरी अडचण राहते आणि ती विद्यार्थ्यांची नाही, आमची आहे. हा पेपर कुणी शिकवायचा? गृहविज्ञानवाले म्हणणार विषय आमचा, अर्थशास्त्रवाले म्हणणार नावात अर्थकारण आहे म्हणून वर्कलोड आमचा, आणि वाणिज्यवाले, म्हणजे आम्ही, म्हणणार की खर्चवही म्हटल्यावर ती आमच्याशिवाय कोण तपासणार. तासांची संख्या कमी झाली की पद जातं, त्यामुळे हे भांडण पोटाचं आहे, मी त्याला हसत नाही. पहिली दोन वर्षं तास तिघांत वाटून द्यावेत, पाण्याच्या तपासणीसाठी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आठवड्यातून एक दुपार उघडी ठेवावी, आणि विषय कोणाचा हे अभ्यास मंडळात तिसऱ्या वर्षी ठरवावं. तोवर शे-दोनशे घरांच्या वह्या जमा झालेल्या असतील आणि निदान भांडायला काहीतरी हातात असेल.